तलवार, सुरी आणि नांगर : एका शस्त्राच्या नावांचा इतिहास

१

शस्त्रांचा इतिहास बहुतेक ठिकाणी राजांच्या नि सरदारांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणती तलवार कोणाच्या कमरेला होती, ती कोणत्या लढाईत चालली, तिच्या मुठीवर किती सोने होते, ह्याची वर्णने विपुल सापडतात. त्या वस्तूला लोक काय म्हणत, ते नाव कोणी दिले, आणि जवळजवळ सारख्याच दोन पात्यांना दोन वेगळी नावे का मिळाली, हा प्रश्न मात्र भाषाशास्त्राचा किरकोळ भाग समजून बाजूला ठेवला जातो. माझ्या मते हा प्रश्न मुळात सामाजिक आहे. वस्तूला नाव देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, ती वस्तू कोणी बाळगावी हे ठरवण्याची सत्ताही बहुधा त्याच्याकडेच असते. ज्यांची नावे नि ज्यांच्या वस्त्यांची नावे दुसऱ्यांनी ठेवली, त्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

ह्या लेखात मी जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशातल्या, मुख्यतः पंधराव्या शतकातल्या, एका शस्त्राचा विचार करणार आहे. हे शस्त्र लांबीने तलवारीएवढे असे. पाते एका बाजूने धारेचे, टोकाकडे कधी सरळ तर कधी किंचित वाकलेले. हाताच्या रक्षणासाठी आडवी परज, आणि परजेच्या बाजूला बाहेर आलेला एक जाड लोखंडी खिळा. त्याने बोटांच्या मागच्या सांध्यांवर येणारा वार अडे. माणूस मारण्याच्या कामात हे शस्त्र कोणत्याही तलवारीला हार जाणारे नव्हते. तरीही त्याचे नाव तलवार नव्हते. त्याला म्हणत 'मेसर', म्हणजे सुरी. फार तर 'लांगेस मेसर', म्हणजे लांब सुरी. जर्मन घरात भाकरी कापायच्या सुरीला जो शब्द, तोच ह्या हातभर शस्त्राला.

एवढ्या मोठ्या शस्त्राला सुरी का म्हणत? ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर मध्ययुगीन युरोपातील वर्गव्यवस्थेचा एक मोठा भाग उलगडतो असा माझा अनुभव आहे.

२

आधी 'तलवार' ह्या शब्दाकडे पाहू. जर्मनमध्ये तलवारीला 'श्वेर्ट' म्हणतात. मध्ययुगात हा शब्द केवळ वस्तूचा नव्हता. तलवार कमरेला बांधणे हा सरदारकीच्या दीक्षेचा विधी होता. तलवार म्हणजे न्याय देण्याची, शिक्षा करण्याची, जीव घेण्याची कायदेशीर सत्ता. म्हणून ती कोणी बांधायची हे कायद्याने ठरवले जाई.

सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा ह्याने ११५२ साली काढलेल्या शांतता-आज्ञेत ह्याची स्पष्ट तरतूद आहे. एखादा शेतकरी शस्त्र, भाला किंवा तलवार बाळगताना आढळला, तर न्यायाधिकाऱ्याने ते शस्त्र काढून घ्यावे किंवा त्याच्याकडून वीस शिलिंग दंड घ्यावा. त्याच आज्ञेत व्यापाऱ्याला वेगळी वागणूक आहे. त्याने प्रवासात तलवार जवळ ठेवावी, पण कमरेला बांधू नये. खोगिराला बांधावी किंवा गाडीत ठेवावी. लुटारूंपासून बचाव करता यावा, एवढ्यासाठी ती सवलत. म्हणजे एकाच आज्ञेत तीन माणसे दिसतात. सरदाराची तलवार कमरेला, व्यापाऱ्याची गाडीत, आणि शेतकऱ्याची जप्त. त्याच सम्राटाच्या पुढच्या एका आज्ञेत धर्मगुरूंच्या नि शेतकऱ्यांच्या मुलांनी सरदारकीचा पट्टा बांधू नये असेही सांगितले आहे. शेतकऱ्याचा मुलगा कितीही शूर असला, तरी त्याच्या कमरेचा निर्णय त्याच्या बापावरून व्हायचा होता.

इंग्लंडमध्ये वाट थोडी वेगळी दिसते. दुसऱ्या हेन्रीने ११८१ साली जो शस्त्रविषयक हुकूम काढला, त्यात स्वतंत्र माणसांनी आपापल्या मालमत्तेप्रमाणे शस्त्रे बाळगलीच पाहिजेत असे बंधन होते. परंतु शस्त्राची शपथ फक्त स्वतंत्र माणसालाच घेता येईल, असे कलम त्याच हुकुमात होते. जमिनीशी बांधलेला वेठकरी त्यातून आपोआप बाहेर पडला. ज्यूंनी चिलखत बाळगू नये, असेही तेथे लिहिले आहे. पुढे १३८१ साली इंग्लंडमधील शेतकऱ्यांनी मोठे बंड केले. त्यानंतर सातच वर्षांनी, १३८८ साली, शेतमजुरांनी नि कारागिरांच्या नोकरांनी ढाल, तलवार किंवा खंजीर बाळगू नये, असा कायदा झाला. त्यांनी रविवारी नि सणाच्या दिवशी धनुष्यबाणाचा सराव मात्र करावा, असे त्याच कायद्यात आहे. राजाला युद्धात तिरंदाज हवे होते. हात हवा, पण त्या हातात मालकाच्या तोडीचे शस्त्र नको, असे हे धोरण होते.

३

सरदारांच्या तलवारींनाही नावे होती, आणि ती नावेही बोलकी आहेत. आज आपण पुस्तकांत 'लांब तलवार' असा एक स्वतंत्र प्रकार वाचतो. परंतु योहानेस लीश्टेनावर ह्या गुरूच्या परंपरेतील जर्मन पोथ्या पाहिल्या, तर 'लांब तलवार' म्हणजे मूठ दोन्ही हातांनी धरून लढणे. तीच तलवार डाव्या हाताने पात्याच्या मध्यावर धरून चिलखताच्या फटीत खुपसायची असेल, तर तिला 'आखूड तलवार' म्हणत. वस्तू एकच, धरण्याची रीत बदलली की नाव बदलले. नंतरच्या काळात हे शब्द रीतीवरून सुटले आणि वस्तूला चिकटले.

दुसरे नाव आहे 'बास्टर्ड तलवार'. फ्रेंचमध्ये हा शब्द पंधराव्या शतकात आढळतो. एका हाताच्या तलवारीहून मोठी नि दोन हातांच्या तलवारीहून लहान, म्हणजे धड कोणत्याच कुळातली नाही, म्हणून ती अनौरस. ज्यांनी फिटरचे काम शिकले आहे त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. मी उमेदवारीत असताना कानशींची यादी पाठ करावी लागे : रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ. खरखरीत नाही नि गुळगुळीत नाही, अशा मधल्या कानशीला आजही बास्टर्ड म्हणतात. शिवीचा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. मापात न बसणाऱ्या वस्तूला तो शब्द लावायची युरोपातली जुनी चाल कारखान्यांच्या वाटेने आपल्यापर्यंत आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळच्या सरदारवर्गात 'बास्टर्ड' हा शब्द लपवण्याचाही नव्हता. फ्रान्सचा एक मोठा सेनानी 'ऑर्लियांचा बास्टर्ड' ह्याच नावाने प्रसिद्ध होता आणि जोन ऑफ आर्कच्या बरोबर लढला. उमरावाच्या अनौरस मुलाला सेना मिळत असे. शेतकऱ्याच्या औरस मुलाला तलवार मिळत नसे. कुळ वरचे असले की कलंकसुद्धा पदवी होतो. आपल्या पुराणकथा ज्यांनी डोळसपणे वाचल्या आहेत, त्यांना ह्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागणार नाही.

४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ह्या शस्त्राला सुरी का म्हणत?

एक उत्तर फार लोकप्रिय आहे. शेतकऱ्याला तलवार बाळगण्यास बंदी होती. म्हणून त्याने तलवारच केली, पण तिला सुरीची मूठ लावली, आणि कोणी हटकले तर 'ही तर सुरी आहे' असे म्हणायला मोकळा झाला. गोष्ट ऐकायला गोड आहे. गरिबाने कायद्याला चकवले, ही कल्पना आपल्यालाही आवडते. पण ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. अनेक जर्मन नगरांनी सुरीच्या लांबीवरच मर्यादा घातल्या होत्या. अमुक मापापेक्षा लांब सुरी नगरात बाळगू नये, असे नियम होते. नगरपालांना सुरी म्हणजे काय हे चांगले कळत होते. केवळ नाव बदलल्याने ते फसत असते, तर सुरी मोजण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती.

खरे उत्तर मुठीत नि कारागिरांच्या विभागणीत शोधले पाहिजे. तलवारीच्या पात्याचे मागचे निमुळते टोक लाकडी मुठीच्या आतून जाते, शेवटच्या गोळ्यातून बाहेर काढून ठोकून पक्के केले जाते. सुरीचे तसे नसते. पात्याचीच रुंद पट्टी मागे मुठीपर्यंत येते, तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा हाडाच्या दोन फळ्या लावून आरपार रिव्हेट मारतात. आपल्या स्वयंपाकघरातली सुरी पाहा, रचना तीच दिसेल. लांब मेसरची मूठ बहुतेक अशीच असे.

आणि ही दोन कामे दोन वेगळ्या कारागिरांची होती. तलवारीचे पाते घडवणारा वेगळा, त्याला पाणी देणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, आणि मूठ-म्यान जोडून तलवार पुरी करणारा वेगळा. सोलिंगेनसारख्या गावात ह्या कारागिरांच्या वेगवेगळ्या संघटना होत्या. सुरीकाराचा धंदा त्यांच्यापासून अलग. कोणी काय करावे नि काय करू नये ह्यावर संघटनांचे कडक लक्ष असे. सुरीकाराच्या दुकानातून निघालेली वस्तू कितीही लांब झाली, तरी ती सुरीच. न्यूरेंबर्गचे सुरीकार तर उत्सवात हातात तलवारी घेऊन नाच करीत. तो नाच त्यांचा मान समजला जाई. रस्त्यात तलवार घेऊन नाचायचे, दुकानात मात्र सुरीच करायची.

म्हणजे नाव आले ते मुठीवरून नि करणाऱ्याच्या धंद्यावरून. कायद्याला चकवण्याचा डाव नावाच्या मुळाशी होता असे मानण्याची गरज नाही. परंतु म्हणून ह्या नावातला सामाजिक अर्थ नाहीसा होत नाही. एकदा 'तलवार' हा शब्द वरच्या वर्गाच्या सत्तेला बांधला गेला, की त्याच्या खालच्या माणसाकडे असलेल्या शस्त्राला दुसरा शब्द लागतोच. तो कारागिरांच्या भाषेत तयार होता. समाजाने तो उचलला.

नाव ठेवण्याची ही एकच पद्धत आहे असे समजू नये. मराठीत 'फिरंग' हा शब्द आहे. युरोपातून आलेले सरळ पाते ज्या तलवारीला बसवले ती फिरंग. तेथे नाव पात्याच्या मुलखावरून पडले. मेसरचे नाव मात्र तिला दरवाजाच्या कोणत्या बाजूला उभे करायचे ते सांगते.

५

कायदा होता म्हणजे तो पाळला जात होता असे नाही. शेतकरी शस्त्रे बाळगत होते, ह्याचा पुरावा त्यांची टिंगल करणाऱ्यांनीच ठेवला आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील नाइडहार्ट हा दरबारी कवी गावातल्या तरुणांची चेष्टा करतो : हे खेडवळ लोक लांब तलवारी लावून, भारी कपडे घालून नाचाला येतात! त्याच शतकातले 'हेल्मब्रेख्त' हे कथाकाव्य एका शेतकऱ्याच्या मुलाचे आहे. त्याला नांगर नको, भरतकाम केलेली टोपी हवी, घोडा हवा, सरदारासारखे जगायचे आहे. बाप त्याला आपली पायरी सोडू नकोस म्हणून सांगतो. मुलगा ऐकत नाही, लुटारू होतो, आणि शेवटी शेतकरीच त्याला झाडाला लटकवतात. कवीची शिकवण स्पष्ट आहे : जन्माने मिळालेले काम सोडणाऱ्याचा शेवट असाच व्हायचा.

अभिजन साहित्याचे वाचन कसे करावे ह्याचा हा चांगला धडा आहे. कवी ज्याची टर उडवतो ते घडत असते, म्हणूनच तो टर उडवतो. गावातल्या पोरांनी तलवारी लावल्याच नसत्या, तर नाइडहार्टच्या कवितेला विषय मिळाला नसता. दलित नवरदेव घोड्यावर बसला की आपल्याकडे काही गावांत ज्यांच्या पोटात दुखते, त्यांचीच ही वंशावळ.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तीन शेतकरी बोलत उभे असल्याचे ताम्रपटचित्र केले. १४९७ च्या सुमाराचे ते चित्र आहे. एका शेतकऱ्याच्या हाती तलवार आहे, तिचे म्यान जीर्ण झालेले आहे. हे तिघे काय बोलत असतील? चित्र पाहणाऱ्या नागरी गिऱ्हाइकाला ते हसण्याजोगे वाटले असेल. मला त्यात येणाऱ्या पंचवीस वर्षांची चाहूल दिसते.

मेसर फक्त शेतकऱ्यापुरती राहिली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नगरातले नागरिक, भाडोत्री सैनिक, सरदार, सगळ्यांनी ती वापरली. हॉल गावचा सुरीकार हान्स सुमर्सपेर्गर ह्याने तर सम्राट माक्सिमिलियान पहिला ह्याच्यासाठी दिमाखदार शस्त्रे घडवली. खालची वस्तू वर गेली की ती कलावस्तू होते. इंग्रजी-फ्रेंच प्रदेशात 'फॉल्शन' नावाची एकधारी रुंद तलवार होती. तिच्या नावाचे मूळ लॅटिनमधील विळ्याच्या शब्दाकडे नेतात. शब्द शेतातला, पण इंग्लंडमध्ये डरहॅमच्या चर्चमध्ये ठेवलेली तेराव्या शतकातली प्रसिद्ध फॉल्शन आहे ती कॉन्यर्स ह्या जमीनदार घराण्याची. नवा बिशप आला की सॉकबर्नच्या जमीनदाराने ती त्याच्यापुढे धरायची आणि आपल्या जमिनीचा हक्क पक्का करायचा. विळ्याचे नाव धारण करणारे शस्त्र जमिनीच्या मालकीचा दाखला झाले. विळा चालवणाऱ्याला त्या दाखल्यात जागा नव्हती.

६

ह्या शस्त्राच्या शब्दांचा सर्वांत समृद्ध साठा लढाईच्या विद्येवरील पोथ्यांत आहे. लीश्टेनावरच्या तलवारविद्येची सूत्रे पद्यात आहेत आणि ती तरुण सरदाराला उद्देशून आहेत. प्रत्यक्षात पुढे ही विद्या शिकवणारे अनेक गुरू नगरांतले कारागीर होते. १४८७ साली सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने ज्या तलवारबाजांच्या बंधुसंघाला विशेषाधिकार दिला, त्यातही कारागिरांचाच भरणा होता. विद्या कारागिराची, पण संबोधन सरदाराचे!

ह्या विद्येत तलवार घेऊन उभे राहण्याचे चार मुख्य पवित्रे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव 'ओक्स', म्हणजे बैल : मूठ डोक्याशी, पाते शिंगासारखे पुढे. दुसऱ्याचे 'फ्लूग', म्हणजे नांगर : मूठ कमरेशी, टोक वर. तिसऱ्याचे 'आल्बर', म्हणजे खुळा : टोक जमिनीकडे, जणू बचावच नाही. चौथा वरून वार करण्याचा. आणि केवळ ताकदीवर हाणणाऱ्या, विद्या नसलेल्या लढवय्याला ह्या पोथ्या 'ब्यूफेल' म्हणतात. आपण त्याला रेडा म्हणू. मराठीतही ही शिवी त्याच अर्थाने चालते.

पुन्हा एकदा ही नावे वाचा : बैल, नांगर, खुळा, रेडा. सरदाराला शिकवायच्या तलवारविद्येचे शब्द शेतातून आणि शेतकऱ्याच्या चेष्टेतून उचललेले आहेत. ज्याच्या हातात नांगर, त्याच्या हातात तलवार नको, असा कायदा. आणि तलवार धरण्याच्या रीतीचे नाव मात्र नांगर. श्रम करणाऱ्यांची भाषा घ्यायची आणि श्रम करणाऱ्याला बाहेर ठेवायचे, ही गोष्ट एकट्या आपल्या देशात घडलेली नाही.

आता लांब सुरीच्या विद्येकडे वळू. ह्या विद्येचा सर्वांत मोठा ग्रंथ योहानेस लेक्यूश्नर ह्या धर्मगुरूने लिहिला. तो हेर्त्सोगेनआऊराख ह्या गावी चर्चचे काम पाही. त्याच्या ग्रंथाची शेकडो चित्रे असलेली १४८२ सालची हस्तलिखित प्रत म्युनिकमध्ये जपलेली आहे. पुस्तक त्याने पॅलेटिनेटचा राजा-निवडक फिलिप ह्याला अर्पण केले. त्यात विनोदही आहे : एका चित्रात हरवलेल्या प्रतिस्पर्ध्याला पोत्यात घातले आहे, दुसऱ्यात त्याला दाबून धरून वर सोंगट्यांचा डाव मांडला आहे.

लेक्यूश्नरने विद्येचा गाभा लीश्टेनावरचाच ठेवला, पण पवित्र्यांची नावे बदलली. बैलाच्या जागी त्याने 'श्टीअर' म्हणजे वळू आणला. नांगराच्या जागी 'एबर' म्हणजे रानडुक्कर. खुळ्याच्या जागी 'बास्टाय' म्हणजे बुरूज. आणि चौथ्याचे नाव ठेवले 'लूगइन्सलांट' : मुलखावर नजर ठेवणारा टेहळणीचा मनोरा. त्याने हे का केले ते त्याच्या मनात ठेवून तो गेला. परिणाम मात्र आपल्यासमोर आहे. जुवाखालचा बैल गेला, मोकळा वळू आला. नांगर गेला, डुकराचे सुळे आले. खुळा गेला आणि त्याच्या ठिकाणी बुरूज उभा राहिला. तलवारीच्या विद्येत जेथे राबणारी नि चेष्टेची नावे होती, तेथे सुरीच्या विद्येत न वाकणारी नावे आली. शब्द बदलला म्हणजे माणसाची स्थिती बदलली असे मी म्हणत नाही. पण उभे राहण्याच्या रीतीला खुळा म्हणणे आणि बुरूज म्हणणे ह्यांत अंतर आहे, हे कोणीही मान्य करील.

७

ह्या शब्दांची खरी कसोटी १५२४-२५ च्या जर्मन शेतकरी युद्धात लागली. त्याआधी १४९३ पासून ऱ्हाईन नदीच्या काठच्या प्रदेशात गुप्त उठावांची मालिका सुरू होती. उठावकऱ्यांच्या निशाणावर 'बुंटशू' होता : शेतकऱ्याचा दोऱ्यांनी बांधायचा जोडा. सरदाराचा बूट आणि शेतकऱ्याचा जोडा, असा तो सामना. १५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे मांडली. वेठ कमी करा, जंगल नि पाणी सर्वांचे ठेवा, आणि आम्हाला कोणाची मालमत्ता समजू नका, असे त्यांचे म्हणणे होते.

ह्या काळात 'तलवार' हा शब्द पुन्हा ऐरणीवर आला. मार्टिन लूथरने १५२३ साली ऐहिक सत्तेविषयी लिहिताना तलवार ही देवाने राज्यकर्त्यांच्या हाती दिली आहे अशी मांडणी केली होती. थॉमस म्युंट्सरने ह्याला सरळ आव्हान दिले. १५२४ साली आल्श्टेट येथे राजपुत्रांसमोर दिलेल्या प्रवचनात त्याने बजावले, की तलवारीचा योग्य वापर केला नाही तर ती तुमच्याकडून काढून घेतली जाईल. त्याच वर्षी लूथरला उत्तर देताना तो म्हणाला, की तलवारीची सत्ता साऱ्या समुदायाची आहे. १५२५ च्या मे महिन्यातील पत्रांखाली तो 'गिदियोनच्या तलवारीसह' अशी सही करी. गिदियोन हा बायबलमधला शेतकरी घरातला योद्धा. गहू झोडत असताना त्याला हाक आली.

हे मला अतिशय अर्थपूर्ण वाटते. ज्या लोकांच्या कमरेच्या शस्त्राला सुरी म्हणत, त्यांच्या नेत्याने 'सुरी' हा शब्द घेतला नाही. त्याने 'तलवार' हाच शब्द मागितला. कारण प्रश्न पात्याचा नव्हता. पाती त्यांच्याकडे होती, कोयते, कुदळी नि धान्य झोडायचे सोटेही होते. प्रश्न सत्तेच्या शब्दावर हक्क कोणाचा हा होता.

त्याचे उत्तर १५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउझेन येथे मिळाले. राजपुत्रांच्या तोफांनी नि घोडदळाने शेतकऱ्यांच्या फौजेची कत्तल केली. २७ मे रोजी म्युंट्सरचा शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात लूथरने शेतकऱ्यांविरुद्ध जळजळीत पत्रक लिहून त्यांना ठार मारण्याचे आवाहन केले. साऱ्या युद्धात मेलेल्यांचा अंदाज इतिहासकार एक लाखापर्यंत नेतात. शरणागतीच्या अटींत शस्त्रे आणून देण्याची अट ठिकठिकाणी होती. त्या ढिगांत लांब सुऱ्या असणारच. तेव्हा मात्र 'ही तर सुरी आहे' असे कोणी ऐकून घेतले नसणार.

८

बंदी घालणारे कायदे, टिंगल करणारे कवी आणि कत्तल करणारे राजपुत्र, एवढे सगळे असूनही युरोपातल्या शेतकऱ्याच्या कमरेला शस्त्र राहिले होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले, आणि जे देण्याची वेळच आली नाही, त्यात हा प्रश्न विचारला आहे. इतका अन्याय होऊनही भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही? त्यांचे उत्तर असे, की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्रही दिले नाही नि विद्याही दिली नाही. नांगर हाती दिला, पण त्याच्या फाळाची तलवार करू दिली नाही. युरोपातल्या दुर्बलाला मात्र सैन्यातली नोकरी, राजकीय संघर्ष आणि शिक्षण ही साधने खुली राहिली, असा भेद त्यांनी दाखवला.

मेसरचा इतिहास ह्या भेदाला आधार देतो, आणि त्याची बारीक बाजूही दाखवतो. युरोपातही बंदी होती, ती जन्माकडेच बोट दाखवीत होती. पण ती राजाची आज्ञा होती. दंड वीस शिलिंगांचा होता. दंड भरता येतो, आज्ञा मोडता येते, सुरी लांब करता येते, धर्मगुरूही त्या सुरीची पोथी लिहू शकतो. जेथे बंदी धर्माच्या नि पावित्र्याच्या आधाराने मनात बसवली जाते, तेथे शस्त्राला दुसरे नाव देऊनही सुटका होत नाही. आणि जेथे ती मोडून आपल्या माणसांनी लष्करात पराक्रम केला, तेथेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद करून त्यांच्या हातातले शस्त्र काढून घेतले गेले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली.

विद्वानांच्या जगातही हा भेद बराच काळ टिकला. इंग्रज अभ्यासक इवर्ट ओकशॉट ह्याने १९६० च्या दशकात मध्ययुगीन तलवारींचे जे वर्गीकरण रूढ केले, ते सरळ दुधारी सरदारी तलवारींचे. त्याच्या क्रमांकांत मेसर आणि फॉल्शन बसत नाहीत. त्यांचे तसे काटेकोर वर्गीकरण जेम्स एल्म्स्ली ह्या अभ्यासकाने अलीकडच्या वर्षांत केले. अर्धे शतक संग्रहालयातही सुरी दरवाजाबाहेर उभी होती.

आणि ह्या प्रश्नाला आपल्या दारातही एक रूप आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे नियंत्रणाखाली येतात. मात्र घरकामाची नि शेतीची अवजारे वगळलेली आहेत. कोयता त्यात बसतो. उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशेब होतो तो कोयत्यावर. दोन जिवंत माणसांना तेथे अवजाराचे नाव आहे. तोच कोयता शहरातल्या गल्लीत दिसला, की वर्तमानपत्रे 'कोयता गँग' असा मथळा देतात, आणि अवजार शस्त्र होते. पाते तेच असते. त्याला काय म्हणायचे, हे ते कोठे आहे नि कोणाच्या हातात आहे त्यावर ठरते.

म्हणून माझी वाचकांना, विशेषतः तरुण अभ्यासकांना, एक विनंती आहे. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे काठीची, आरीची, रापीची, कोयत्याची, कुऱ्हाडीची जी नावे आहेत, त्यांच्या भागांची, ती धरण्याच्या रीतीची जी नावे आहेत, ती लिहून घ्या. कोणते नाव आपले, कोणते दुसऱ्याने दिलेले, हे विचारा. जर्मन शेतकऱ्यांनी स्वतःच्या सुरीविषयी स्वतः लिहिलेले आज जवळजवळ काहीच हाती लागत नाही; जे आहे ते धर्मगुरूचे, कवीचे नि न्यायाधिकाऱ्याचे आहे. आपल्याला लिहिता येते. हे काम आपण केले नाही, तर आपल्या अवजारांची नावेही पुन्हा एकदा दुसरेच ठरवतील.